जुनी जीप घेताय? आधी तिचा सातबारा वाचा

भाताची कापणी-झोडणी आटोपली की आपल्या भिवंडी तालुक्यात दोन गोष्टींची बोलणी सुरू होतात. एक लग्नाची आणि दुसरी गाडीची. पूर्वी बैलजोडीची व्हायची, आता गाडीची होतात, एवढाच फरक. माणकोली, वळ, राहनाळ, पूर्णा, दापोडे या पट्ट्यात शेतात गोदामे उभी राहिली. इकडे आमण्याला समृद्धी महामार्ग येऊन टेकला. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. या सगळ्यात कोणाला जमिनीचा मोबदला मिळाला, कोणाला गोदामाचे भाडे सुरू झाले. ज्याला यातले काहीच मिळाले नाही त्याच्याही मुलाला आता दारात मोठी गाडी हवी आहे. नवी परवडत नाही, म्हणून जुनी. आणि जुनी घ्यायची तर "फोर-व्हीलच घेऊ, आपला रस्ता खराब आहे," असे ठरते.

शेतीच्या कामानिमित्त गावोगाव फिरताना मला बियाण्यापेक्षा जास्त वेळा हाच प्रश्न विचारला जातो, "साहेब, जुनी फोर-व्हील जीप घेऊ का?" मी घेऊ नका म्हणत नाही. आमच्याच घरी अशी जीप बारा वर्षे होती. तिने आम्हाला फसवलेही आणि तारलेही. तेव्हा आधी आमचीच हकिकत सांगतो.

माझे गाव वाडा तालुक्यात. 2009 साली वडिलांनी वरकसचा एक तुकडा विकला आणि कल्याणकडच्या एका दलालाकडून 1996 ची चारही चाके ओढणारी जीप घेतली. मी तेव्हा कृषी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीवर घरी आलो तर अंगणात जीप, तिला झेंडूचा हार, आणि आजी बाजूला उभी. आजीला काही तीत चढता येईना. शेवटी ओटीवरचा लाकडी पाट आणून खाली ठेवला, तेव्हा ती चढली. पुढे बारा वर्षे तो पाट जीपमध्येच राहिला.

दलालाने वडिलांच्या हातात आरसी बुक दिले, जुन्या मालकाच्या सहीचे कोरे फॉर्म दिले आणि सांगितले, "नाव सावकाश करा, घाई नाही." वडिलांनी खरेच घाई केली नाही. दोन महिन्यांनी कर्ज देणाऱ्या संस्थेची दोन माणसे दारात आली. जुन्या मालकाचे हप्ते थकले होते आणि गाडी त्या संस्थेकडे गहाण होती. आरसी बुकावर तशी नोंद स्पष्ट छापलेली होती, पण ती वाचली कोणी? वडील आयुष्यभर सातबारा कोळून प्यायलेले, तलाठ्याच्या चुका काढणारे. पण गाडीचे पुस्तक त्यांनी फक्त गाडीच्या नंबरापुरते पाहिले होते. दलालाने फोन उचलणे बंद केले. शेवटी थकबाकी आम्हीच भरली, म्हणजे एकाच गाडीचे पैसे दोनदा दिले. गाडी नावावर व्हायला अकरा महिने लागले.

आरसी बुक म्हणजे सातबाराच

म्हणून तुम्हाला पहिले सांगणे हे की, आरसी बुक सातबारासारखे वाचा. मालकाचे नाव म्हणजे भोगवटदार. कर्जाची नोंद म्हणजे इतर हक्कातला बोजा. आरटीओत नाव बदलणे म्हणजे फेरफार. बोजा असलेली जमीन तुम्ही डोळे मिटून घेता का? मग गाडी का घेता? बोजा असेल तर कर्ज देणाऱ्याचा ना-हरकत दाखला आणि दोघांच्या सहीचा फॉर्म 35 हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. विक्रीसाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊ नका आणि देऊही नका. आजकाल 'एम-परिवहन'वर गाडीचा नंबर टाकला की पासिंग केव्हापर्यंत, विमा केव्हापर्यंत हे मोबाईलवर दिसते. थकलेली ई-चलनेही ऑनलाइन पाहता येतात. घरातल्या शाळकरी मुलालाही हे जमते. दोन मिनिटांचे काम आहे, चहा यायच्या आत होते.

बॉनेट उघडून चासीचा नंबर पुस्तकाशी ताडून पाहा. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उठते. आकडे खरवडलेले, वरखाली झालेले दिसले तर तिथूनच नमस्कार करा. जुन्या जीपच्या बाबतीत ही खबरदारी अधिक घ्यावी लागते. त्याला कारण आहे. लष्कराच्या लिलावातले भाग आणून गाड्या जोडण्याचा धंदा आपल्या देशात फार जुना आहे. हरियाणातली मंडी डबवाली त्यासाठीच प्रसिद्ध. अशी जोडलेली जीप दिसायला देखणी असते. पण पुस्तक एका गाडीचे, चासी दुसरीची, इंजिन तिसरीचे, असे निघाले तर ती आरटीओत उभी राहत नाही. कंपनीने नोंदवलेल्या रचनेत मनाने बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मनाई आहे.

दुसरी एक वाट दिल्लीकडून येते. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्या चालवण्यास बंदी केली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या मोठमोठ्या डिझेल गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. गाडी चांगली असू शकते, नाही असे नाही. पण तिकडच्या आरटीओचा फॉर्म 28 चा ना-हरकत दाखला, इथला रस्ता कर आणि इथला नवा नंबर हे सगळे बाकी असते. स्वस्ताईचा हिशेब यात बराचसा फिटतो. दाखला नसेल तर ती गाडी तुमच्या अंगणात उभी राहील, कागदावर तुमची कधीच होणार नाही.

आता विकणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. आपल्यात जुनी गाडी भावकीत, मित्रात दिली जाते आणि नाव तसेच राहते. "घरचाच आहे हो, कुठे जातोय!" सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये स्पष्ट केले आहे की, आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. त्या खटल्यात गाडी एकामागून एक अशी अनेकांना विकली गेली होती, अपघात भलत्याच्याच हातून झाला, आणि भरपाईची जबाबदारी आली ती दप्तरातल्या पहिल्या मालकावर. तेव्हा तुम्ही पाच वर्षांपूर्वी दिलेली गाडी अजून तुमच्या नावावर असेल तर आज संध्याकाळीच तिचा पत्ता काढा. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा गाडीबरोबर जातो असे कायदा मानतो. पण स्वतःच्या गाडीची मोडतोड भरून मिळायची असेल तर विमाही 14 दिवसांत नावावर करून घ्यावा लागतो.

मोठी गाडी आणि चारचाकी ओढ, या वेगळ्या गोष्टी

इथे पुष्कळांची गल्लत होते. गाडी उंच, अवजड आणि जीपसारखी दिसते म्हणजे ती फोर-व्हील-ड्राइव्ह असते, असे नाही. 1994 ची सुमो, 2000 ची बोलेरो, 2002 ची स्कॉर्पिओ, या नावांच्या ज्या गाड्या आपल्या रस्त्यांवर दिसतात त्यांतल्या बहुतेकांची फक्त मागची दोन चाके ओढतात. चारही चाके ओढणाऱ्या म्हणजे जुनी एमएम 540, मारुतीची जिप्सी, आणि 2010 नंतरच्या थार, सफारी, स्कॉर्पिओतली ठरावीक मॉडेले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली. आजही गावात कोणतीही उंच गाडी 'जीप'च असते, ते तिथपासून.

चारचाकी ओढ म्हणजे काय, तर चिखलात रुतलेल्या गाडीला दोनाऐवजी चार बैल जुंपणे. पण तिचा एक नियम आहे, आणि तो न पाळल्यामुळेच पुष्कळ जुन्या गाड्या बाद होतात. खळ्यात मळणीला पात धरली की मेढीजवळचा बैल थोडा चालतो आणि कडेचा बैल धावतो. दोघांना सारखेच चालायला लावले तर दावे तुटेल. गाडी वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांचे तसेच होते, त्यांना वेगवेगळे अंतर कापावे लागते. जुन्या जीपमध्ये फोर-व्हीलचा गिअर टाकला की पुढचे-मागचे एकाच दाव्याला बांधले जातात. चिखलात चाक थोडे घसरते आणि ताण निघून जातो. डांबरावर घसरायला जागा नाही, मग ताण गिअरपेटीवर आणि जॉइंटवर येतो. म्हणून हा गिअर चिखलात, सुट्या मातीत, चढावर वापरायचा, डांबर लागले की काढायचा. आमच्याकडे एका पोराने हळदीच्या रात्री पडघ्यापासून घरापर्यंत फोर-व्हीलमध्ये गाडी पिटाळली, ऐटीत! दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने दिलेला खर्चाचा आकडा नवरदेवाच्या अंगठीपेक्षा मोठा होता.

पाहायला जाल तेव्हा मिस्त्री बरोबर घ्या आणि गाडीखाली वाका. डिझेल वाचावे म्हणून पुष्कळ मालक पुढचा प्रोपेलर शाफ्टच काढून ठेवतात. मग आत दांडा आहे, बाहेर '4x4' चा बिल्ला आहे, आणि मधले बैलच नाहीत! ओल्या मातीत गिअर टाकून चालवून पाहा, पुढची चाके माती उकरतात का ते बघा. गिअरपेटीचे आणि दोन्ही क्राऊनचे तेल बोटावर घ्या. ते ताकासारखे पांढरट असेल तर आत पाणी शिरलेले आहे. गाडी पुरात बुडालेली असण्याची शंका आपल्याकडे नेहमीच धरावी. 26 जुलै 2005 नंतर मुंबई-ठाण्यातल्या बुडालेल्या गाड्या कितीतरी दिवस बाजारात फिरत होत्या, आणि कामवारी नदीचे पाणी भिवंडीच्या सखल भागात शिरण्याचे प्रकार पुढेही झाले आहेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाची रेघ दिसते. सीटखालचे बोल्ट गंजलेले असतात. खाडीकडच्या गावांतली गाडी असेल, काल्हेर, खारबाव बाजूची, तर चासी हातोडीने ठोकून पाहा. खारी हवा लोखंड आतून खाते. खणखणीत आवाज येतो की भद्द, यावरून समजते.

भाताच्या भाषेत हिशेब

किंमत एकदाच मोजावी लागते, पोसणे रोजचे असते. जुनी डिझेल जीप लिटरला 10 किलोमीटर चालते असे धरा. वर्षाला 8 हजार किलोमीटर फिरलात तर 800 लिटर. लिटरला 90 रुपये धरले तर 72 हजार रुपये. साधारण भाताचा 2024-25 चा किमान आधारभूत भाव क्विंटलला 2300 रुपये होता. म्हणजे नुसत्या डिझेललाच 31 क्विंटल भात लागले. एकरी 15 क्विंटल उतारा धरला तर दोन एकरांचे सगळे भात टाकीत गेले. त्यात टायर, पाटे, विमा, मिस्त्री अजून आलेच नाहीत. गाडी 15 वर्षांची झाली की पुन्हा पासिंग, दर पाच वर्षांनी. त्याची फी एप्रिल 2022 पासून 600 वरून 5 हजार रुपये झाली. पुढे 20 वर्षांवरच्या गाड्यांना ती आणखी वाढली. शिवाय पर्यावरण कर वेगळा.

मग ती काय काम करते? घरचे भाताचे कट्टे गिरणीवर नेणे, खताच्या गोणी आणणे, भाजी पहाटे बाजारात पोचवणे, गवताचे भारे, दुधाचे कॅन. वर्षातले किती दिवस? खरे उत्तर घरातल्या बाईला विचारा, पुरुषाला नको. पुरुष म्हणतो तीनशे दिवस. बाई म्हणते, तीस दिवस कामाला आणि बाकीचे नाक्यावर! तीस-चाळीस दिवसांसाठी भाड्याचा टेम्पो स्वस्त पडतो. आणि एक हौस कृपया करू नका, जीप खाचरात घालू नका. बांध तुटतो ते दिसते. ओल्या जमिनीत अवजड चाक फिरले की माती दाबली जाते, हे दिसत नाही. भातानंतर उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा करता, त्याची मुळे त्या दाबलेल्या थरात उतरत नाहीत. खाचराचे काम पॉवर टिलरचे आहे. जीपने बांधाशी थांबावे.

पांढऱ्या नंबरच्या गाडीत भाडे घेऊन प्रवासी बसवू नका, हेही सांगून ठेवतो. "डिझेलपुरते घेतो" म्हणणारे बरेच आहेत. अपघात झाला की विमा कंपनी नेमके तेच विचारते. जुन्या जीपच्या मागच्या आडव्या बाकांवर पट्टा नसतो. मुले तिथे बसायला हट्ट करतात, कारण मागचे दृश्य दिसते. तुम्ही त्यांना पुढे तोंड असलेल्या सीटवर पट्टा लावून बसवा, रडली तरी.

ती रात्र

एवढे वाचून म्हणाल, मग तुमच्या वडिलांनी बारा वर्षे ती का ठेवली? तर 2010 च्या जुलैतली गोष्ट. गाडी अजून नावावर झालेली नव्हती. वडील वैतागून ती भंगारात द्यायला निघाले होते. रात्री दोनच्या सुमाराला शेजारच्या पाड्यावरून माणूस धावत आला. जमिनीवर झोपलेल्या मुलीला मण्यार चावली होती. पापण्या मिटायला लागल्या होत्या, बोलणे जड झाले होते. पाड्यापासून डांबरापर्यंत तीन किलोमीटर लाल चिखल, बैलगाडीसुद्धा रुतेल असा. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात 2014 मध्ये आली, तेव्हा ती नव्हतीच. आजीचा पाट ठेवून मुलीच्या आईला चढवले, वडिलांनी खालचा गिअर टाकला, आणि तो तीन किलोमीटरचा चिखल जीपने पंचवीस मिनिटांत काढला. ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस होती. मुलगी वाचली. आता तिला दोन मुले आहेत.

पण त्या रात्री ती गाडी दुसऱ्याच्या नावावर, विमा दुसऱ्याच्या नावावर होता. वाटेत उलटली असती तर? वडिलांनी हे कधी बोलून दाखवले नाही. मात्र दुसऱ्याच आठवड्यात ते तीन वेळा आरटीओत गेले आणि नाव करूनच परत आले.

भिवंडी तालुक्यातल्या पाड्यांवरून रुग्णांना झोळीतून आणल्याच्या बातम्या याच पानावर तुम्ही अजूनही वाचता. तेव्हा चारचाकी ओढीच्या गाडीचे खरे काम तेच तीन किलोमीटर आहेत, असे मला वाटते. ज्याच्या घरापासून डांबर लांब आहे त्याने ती जरूर घ्यावी, नीट कागद पाहून. ज्याच्या अंगणापर्यंत काँक्रीट आले आहे त्याने शेजाऱ्याला दाखवण्यासाठी घेऊ नये. आणि चारही चाके ओढत असली तरी वाहत्या पाण्यात घालू नये. फूटभर वाहते पाणी लहान गाडी उचलते, दोन फूट पाणी जीपही नेते. तानसेच्या काठच्या लोकांना मी हे वेगळे सांगायला नको. पण दरवर्षी कोणीतरी "आपली फोर-व्हील आहे" म्हणून फरशीवरून घालतोच.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांना दोन विनंत्या. पहिली रस्त्याची. एकाच वाटेवरची पाच घरे पाच जुन्या जीपा घेतात, तेवढ्या पैशांची चिंता ग्रामसभेत एकदा तरी मांडा. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना 2021 मध्ये रोजगार हमीशी जोडून सुरू झाली. पाणंदीवरची अतिक्रमणे आपसात सोडवून प्रस्ताव पाठवला तर साधी गाडीही बांधापर्यंत जाते. दुसरी विनंती रात्रीची. गावात चारही चाके चालणाऱ्या गाड्या कोणाकडे आहेत, विमा-पासिंग चालू असलेल्या किती, रात्री उठून चालवणारा कोण, त्याचा नंबर काय, याची यादी करा. मदत करणारा माणूस पोलिसांच्या चौकशीला भितो. अपघातग्रस्ताला दवाखान्यात पोचवणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीने कलम 134-अ प्रमाणे संरक्षण दिले आहे, हेही त्याला सांगा. टाकीत डिझेल कोणाच्या खर्चाने ठेवायचे, ते गावाने ठरवावे.

आमची जीप 2021 मध्ये मोडीत गेली. पासिंगला न्यायची म्हणून मिस्त्रीने चासी ठोकली, तर भद्द आवाज आला. पण पाड्याचा रस्ता अजून तसाच आहे. आता तिथल्या दोन घरांकडे थार आहेत, आणि मृगाआधी त्या दोघांचे नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने लिहिलेले असतात.